जखमेवरच्या कापसाची गोष्ट: चिंधीपासून नॅनोतंतूपर्यंत

गाडीवरून घसरून गुडघा फुटला की आपल्याकडे काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. कोणीतरी स्वयंपाकघरातून हळदीचा डबा आणतं, कोणीतरी कपाटातून कापसाचा पुडा. चिमूटभर हळद, त्यावर कापसाचा बोळा, त्यावर फडकं. दोन-तीन दिवसांनी ठणका वाढला की रुग्ण दवाखान्यात येतो. तोपर्यंत कापूस जखमेत असा रुतून बसलेला असतो की भिजवून, एकेक तंतू चिमट्याने वेचून काढावा लागतो. आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "डॉक्टर, कापूस तर अगदी नवीन होता, पुडा आजच फोडला होता. मग जखम चिघळली कशी?"

अलीकडे त्याला आणखी एका प्रश्नाची जोड मिळाली आहे. वनस्पतींपासून बनवलेल्या अतिसूक्ष्म तंतूंच्या, म्हणजे नॅनोतंतूंच्या जंतुरोधक पट्ट्यांबद्दल तुम्ही बातम्या वाचता. मग विचारता, "शास्त्रज्ञही शेवटी झाडपाल्याकडेच वळले ना? मग आमच्या आजीचं काय चुकलं?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर इतिहासात आहे. वनस्पतींचे तंतू जखमेवर बांधण्याची पद्धत हजारो वर्षांची आहे. त्यातला मूळ पदार्थ फारसा बदललेला नाही. बदललं ते इतकंच, की तो तंतू जखमेवर नेमकं काय करतो हे आपल्याला हळूहळू कळत गेलं. त्यातली काही समज फार मोठी किंमत मोजून मिळाली आहे.

एकच पदार्थ, अनेक रूपं

इजिप्तमध्ये सापडलेला 'एडविन स्मिथ पपायरस' हा शस्त्रक्रियेवरचा लेख इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांचा आहे. त्यात ४८ रुग्णांच्या दुखापतींचं वर्णन आहे. अनेक जखमांसाठी सल्ला असा, की पहिल्या दिवशी ताजं मांस बांधावं आणि नंतर बरं होईपर्यंत रोज मध, चरबी आणि वनस्पतीच्या तंतूंचा बोळा. वर बांधायला लिननच्या, म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्यांपासून विणलेल्या पट्ट्या.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत पट्टी बांधण्याचे १४ प्रकार सांगितले आहेत. बोटासाठी वेगळी पट्टी, हनुवटीसाठी वेगळी, सांध्यासाठी वेगळी. त्यासाठी चालणाऱ्या वस्तूंच्या यादीत क्षौम म्हणजे जवसाचं कापड आहे, कार्पास म्हणजे कापूस आहे, झाडाची आतली सालही आहे. जखम उघडी ठेवली तर माश्या, धूळ, वारा आणि ऊन यांनी ती बिघडते, असंही तिथे बजावलेलं आहे. जंतू कोणी पाहिले नव्हते त्या काळातलं हे निरीक्षण आहे.

जवस, कापूस, झाडाची साल या सगळ्यांत समान काय आहे? सेल्युलोज. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी १८३८ मध्ये हा पदार्थ वनस्पतींमधून वेगळा करून दाखवला. झाडाला उभं ठेवणारा सांगाडा याचाच असतो. कापसाचा तंतू जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतो. लाकडात आणि केळीच्या खोडातही तेच असतं, फक्त इतर पदार्थांत मिसळलेलं. सेल्युलोज पाणी धरून ठेवतं पण पाण्यात विरघळत नाही, ओलं झालं तरी तुटत नाही आणि सहसा त्वचेला त्रास देत नाही. जखमेवर बांधायला याहून सोयीची वस्तू निसर्गात सापडणं कठीण.

मायेने केलेला घात

मग अडचण कुठे होती? १८व्या-१९व्या शतकातल्या युरोपात 'चार्पी' नावाची एक वस्तू सर्रास वापरली जाई. जुनी लिननची कापडं उसवून किंवा खरवडून काढलेल्या धाग्यांचा हा बोळा. युद्ध सुरू झालं की घराघरांतल्या बायका, मुली, म्हाताऱ्या आपली जुनी कापडं घेऊन बसायच्या आणि सैनिकांसाठी चार्पी करायच्या. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धातही दोन्ही बाजूंच्या घरांमधून असे ढीगच्या ढीग धागे छावण्यांकडे गेले. आपला मुलगा, आपला भाऊ लढतो आहे, त्याच्या जखमेवर आपल्या हातचं काही तरी असावं, ही भावना त्यामागे होती.

पण ते हात, ती कापडं, ज्या पोत्यांतून ती गेली ती पोती, यांतलं काहीच निर्जंतुक नव्हतं. कारण जंतू जखम कुजवतात हेच कोणाला ठाऊक नव्हतं. शल्यविशारद एका रुग्णाची जखम बोटाने चाचपून तेच बोट दुसऱ्याच्या जखमेत घालत. जखमेतून घट्ट पू येणं हे बरं होण्याचं लक्षण मानलं जाई. जखमेतून हात-पाय सडले, रक्तात विष पसरलं आणि गोळीने न मेलेले सैनिक जखम दूषित होऊन गेले. त्याचं कारण एकटी चार्पी नव्हती, पण जंतूंना जखमेपर्यंत पोहोचवणाऱ्या वाटांपैकी ती एक होती.

लिस्टर यांची पट्टी

१२ ऑगस्ट १८६५. ग्लासगोच्या रुग्णालयात जेम्स ग्रीनलीज नावाचा ११ वर्षांचा मुलगा आणला गेला. गाडीचं चाक पायावरून गेलं होतं. हाड मोडलं होतं आणि वर उघडी जखम होती. अशा दुखापतीत त्या काळी बहुतेकदा पाय कापावा लागे, नाहीतर जीव जाई. जोसेफ लिस्टर यांनी पाश्चर यांचं काम वाचलं होतं. त्यांनी कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेला तंतूंचा तुकडा जखमेवर ठेवला. जखम कुजली नाही. सहा आठवड्यांत हाड जुळलं. असे अनेक रुग्ण पाहून लिस्टर यांनी १८६७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आपली पद्धत मांडली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. जखमेवर ठेवलेला तंतू पूर्वीसारखाच होता. बदल एवढाच होता, की त्यातले जंतू मारले होते.

पुढच्या १५-२० वर्षांत कापसाचं रूप पालटलं. शेतातून येणाऱ्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यामुळे तो पाणी शोषत नाही. क्षारात उकळून मेण काढलं की तोच कापूस पाणी पिऊ लागतो. १८८० मध्ये बर्मिंगहॅमचे शल्यविशारद सॅम्पसन गॅमजी यांनी असा शोषक कापूस जाळीदार कापडाच्या, म्हणजे गॉझच्या दोन थरांमध्ये ठेवला. स्राव कापसाने शोषायचा, पण कापसाचे तंतू मात्र जखमेला चिकटायचे नाहीत. आजही आम्ही वापरतो त्या जाड गादीसारख्या पट्टीची ही पूर्वज. त्याच दशकात बर्लिनमध्ये अर्न्स्ट फॉन बेर्गमान यांच्याकडे पट्ट्या वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत रुळली.

तुम्ही घरी एक प्रयोग करून पाहा. गादीतला किंवा वातींचा कापूस पाण्यावर टाका. तो तरंगत राहील. औषधाच्या दुकानातला शोषक कापूस लगेच भिजून बुडेल. पण शोषक म्हणजे निर्जंतुक नव्हे. पुड्यावर तसं स्पष्ट छापलेलं नसेल, तर तो कापूस नवा असला तरी जंतुमुक्त नाही. सुरुवातीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हे. उरलेलं निम्मं गॅमजी यांनी १८८० मध्येच दिलं होतं: सुटा कापूस जखमेवर थेट ठेवायचा नसतो.

दलदलीतल्या शेवाळाचा धडा

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि कापूस कमी पडू लागला. गणवेशांना कापूस हवा होता. शिवाय नायट्रिक ॲसिडची प्रक्रिया केलेल्या कापसापासून स्फोटक दारू बनते, त्यासाठीही तो हवा होता. माणसाला जखमी करायला आणि ती जखम बांधायला एकाच पिकाची ओढाताण सुरू झाली.

एडिंबराचे शल्यविशारद चार्ल्स कॅथकार्ट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक बेली बाल्फर यांनी तेव्हा स्फॅग्नम या शेवाळाकडे लक्ष वेधलं. थंड प्रदेशातल्या दलदलीत ते गालिच्यासारखं पसरलेलं असतं. त्याच्या पानांतल्या बहुतेक पेशी मेलेल्या, पोकळ आणि भोकं असलेल्या असतात. त्यामुळे ते स्वतःच्या वजनाच्या २० पट पाणी धरू शकतं. दुसरा गुण तर आणखी मोलाचा. त्याच्या पेशीभित्तिका भोवतालच्या पाण्यातले क्षार धरून ठेवतात आणि बदल्यात आम्लता सोडतात. आम्ल वातावरणात बरेच जंतू नीट वाढत नाहीत. म्हणजे ही वनस्पती स्राव शोषता शोषता जंतूंनाही अडवत होती.

स्कॉटलंडच्या माळांवर आणि इंग्लंडच्या डार्टमूरवर स्वयंसेवक गुडघाभर चिखलात उतरून शेवाळ गोळा करू लागले. ते वाळवायचं, काड्या-कचरा हाताने निवडायचा, मलमलच्या पिशव्यांत भरायचं आणि निर्जंतुक करून पाठवायचं. १९१८ पर्यंत ब्रिटनमधून महिन्याला सुमारे १० लाख शेवाळपट्ट्या रवाना होत होत्या. युद्ध संपल्यावर कापूस मुबलक झाला आणि हे कष्टाचं काम मागे पडलं.

या गोष्टीला एक उत्तरार्ध आहे. १९८८ मध्ये अमेरिकेत १५ राज्यांतल्या ८४ जणांना स्पोरोट्रायकोसिस हा बुरशीचा आजार झाला. हातावरच्या बारीकशा ओरखड्यातून बुरशी आत शिरते आणि गाठी-फोड येतात. ही मंडळी झाडांची रोपं हाताळणारी होती आणि रोपं बांधली होती ओल्या स्फॅग्नममध्ये. तेच शेवाळ, पण न निवडलेलं आणि निर्जंतुक न केलेलं. एकीकडे जखमा वाचवणारी वनस्पती दुसरीकडे जखमेतून आजार देऊन गेली. 'नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही' असं कोणी म्हणालं की मला हे ८४ जण आठवतात.

जंतुनाशकाची मर्यादा आणि ओलाव्याचं महत्त्व

त्याच महायुद्धात फ्रान्समधल्या बुलोनच्या लष्करी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग काम करत होते. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून दहा वर्षं होती. त्यांनी दाखवून दिलं की खोल, वेड्यावाकड्या जखमेत ओतलेली जंतुनाशकं कोपऱ्यातल्या जंतूंपर्यंत पोहोचत नाहीत, पण जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच पांढऱ्या पेशींना मात्र मारतात. जखम चरचरली म्हणजे औषध लागू पडलं, हा समज तेव्हाच मोडीत निघायला हवा होता.

दुसरा समज मोडला १९६२ मध्ये. जखम उघडी ठेवावी, वारा लागू द्यावा, खपली धरली की बरी होते, असंच सगळे मानत होते. जॉर्ज विंटर यांनी डुकराच्या त्वचेवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या, तर काही प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याखाली ओलसर ठेवल्या. ओलसर जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण समजायला सोपं आहे. नव्या त्वचेच्या पेशी कडेकडून सरकत येतात. ओल्या पृष्ठभागावर त्या सहज सरकतात. वर कोरडी खपली असेल तर त्यांना तिच्याखालून वाट काढत यावं लागतं. पुढच्याच वर्षी माणसांवरही हे दिसून आलं.

साधं कोरडं गॉझ इथे कमी पडलं. ते स्राव शोषतं आणि वाळलं की जखमेला चिकटतं. ओढून काढलं की नुकती आलेली कोवळी त्वचाही निघून येते. पट्टी बदलताना तुम्ही दात-ओठ आवळता ते याचमुळे. म्हणून समुद्री शैवालापासून केलेले अल्जिनेटचे तंतू आले, जे जखमेतला स्राव पिऊन मऊ जेलीसारखे होतात. मग सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून तसेच जेली होणारे तंतू बनले. पट्टीने जखम कोरडी ठणठणीत करायची नाही आणि लिबलिबीतही ठेवायची नाही, हा हिशोब आता पक्का झाला होता.

मग नॅनोतंतू कशाला?

आकारासाठी. केस साधारण ६० ते १०० मायक्रॉन जाड असतो. कापसाचा तंतू १० ते २० मायक्रॉन. जखमेत सहसा सापडणारा स्टॅफिलोकोकस हा जंतू साधारण १ मायक्रॉनचा. म्हणजे गॉझची जाळी ही जंतूच्या दृष्टीने उघडी वेस आहे. नॅनोतंतूंची जाडी १ मायक्रॉनहूनही कमी असते, कधी तर त्याच्या शंभराव्या भागाएवढी. त्यांची जाळी इतकी दाट असू शकते की हवा आणि वाफ जाईल, पण जंतू अडेल. शिवाय आपल्या त्वचेतले कोलॅजेनचे धागेही साधारण याच मापाचे असल्याने नव्या पेशींना पाय रोवायला हा आधार ओळखीचा वाटतो.

असे तंतू दोन मुख्य रीतींनी बनतात. पहिलीत सेल्युलोजसारख्या पदार्थाच्या द्रावणाचा थेंब सुईच्या टोकाशी आणून त्याला हजारो व्होल्टचा विद्युत दाब देतात. थेंब ताणला जाऊन त्यातून अतिबारीक धागा निघतो. याची पेटंटं १९०२ सालापासून आहेत, पण खरा जोर आला तो १९९० च्या दशकात. दुसरी रीत १९८३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. लाकडाचा लगदा प्रचंड दाबाने अरुंद फटीतून पुन्हा पुन्हा ढकलायचा, म्हणजे त्याचे तंतू उकलत उकलत नॅनो आकाराचे होतात. फिनलंडमध्ये बर्च झाडाच्या लाकडापासून अशी पट्टी तयार झाली. हेलसिंकीच्या डॉक्टरांनी ती मोजक्या भाजलेल्या रुग्णांवर वापरली. रोपणासाठी त्वचा काढून घेतलेल्या जागेवर ती चिकटून राहिली आणि खाली नवी त्वचा आली तशी आपोआप सुटली. २०१६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. चार्पी उपसताना किंवा कापूस वेचताना होणाऱ्या वेदना आठवा, म्हणजे हे 'आपोआप सुटणं' किती मोठं आहे ते कळेल.

पण नुसतं सेल्युलोज, कितीही बारीक केलं तरी, सहसा जंतू मारत नाही. ते अडवतं. जंतुरोधक गुण हवा असेल तर त्यात काही मिसळावं लागतं: चांदीचे कण, झिंक ऑक्साइड, वनस्पतींची तेलं किंवा हळदीतलं कर्क्युमिन.

हळदीचं काय?

हळदीचा मान आपण विसरलेलो नाही. १९९५ मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं, तेव्हा सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं. तिचे तेव्हाचे महासंचालक होते गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर. हे ज्ञान भारतात आधीपासून आहे हे पुराव्यांनिशी दाखवल्यावर १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं.

तरीही डब्यातली हळद जखमेवर नको. तिच्यात धूळ आणि जंतू असतात, कधी रंगाची भेसळही असते. तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात जेमतेमच विरघळतं, त्यामुळे ते जखमेला किती मिळेल याचा भरवसा नाही. उरते ती पूड, जी जखमेत बाहेरचा कचरा म्हणून पडून राहते आणि तिच्या पिवळेपणाखाली लाली आणि पू दिसत नाहीत. प्रयोगशाळांमध्ये शुद्ध कर्क्युमिन मोजून नॅनोतंतूंत बसवतात, म्हणजे ते ठरावीक मात्रेत, हळूहळू सुटेल. यातलं बरंचसं काम अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर चालू आहे. आजीला गुण ठाऊक होता. तो निर्जंतुक करून मोजून द्यायचं साधन तिच्याकडे नव्हतं.

तुमच्यासाठी काही सूचना

या सगळ्या इतिहासातून घरी वापरायला एवढं घ्या:

१. जखम आधी नळाच्या वाहत्या स्वच्छ पाण्याने नीट धुवा. माती आणि खडे निघून जाणं हे कोणत्याही मलमापेक्षा महत्त्वाचं.

२. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने किंवा गॉझने पाच-दहा मिनिटं न सोडता दाबून धरा.

३. सुटा कापूस, हळद, कॉफी, राख, पाला, टूथपेस्ट जखमेवर लावू नका. निर्जंतुक गॉझ किंवा न चिकटणारी पट्टी वापरा.

४. पट्टी चिकटली तर ओढू नका. उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाइनने भिजवा, थोडं थांबा आणि मग काढा.

५. जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल, किंवा गंजलेल्या वस्तूने झाली असेल, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

६. लाली पसरणं, ठणका वाढणं, पू, दुर्गंधी किंवा ताप यांपैकी काही दिसलं तर वाट पाहू नका.

आणि मधुमेह असलेल्यांना वेगळं सांगतो. पायाला बधिरपणा असेल तर जखम दुखत नाही, म्हणून ती छोटी आहे असं समजू नका. अशा वेळी कितीही महागडी नॅनोपट्टी लावली तरी साखर आटोक्यात नसेल, पायाचा रक्तपुरवठा कमी असेल किंवा जखमेवर चालण्याचा भार पडत असेल तर ती भरणार नाही. पट्टी जखम बरी करत नाही, जखम शरीर बरी करतं. पट्टीने फक्त त्याच्या कामात अडथळा येऊ द्यायचा नसतो. रोज रात्री दोन्ही तळपाय आरशात बघा किंवा घरच्यांना बघायला सांगा, आणि काही वेगळं दिसलं तर दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखान्यात या. हळद लावून दोन दिवस थांबून येऊ नका.